'जे' ते 'एम': कापलेल्या शब्दकोशाचा पाचवा भाग

मी एक जुना शब्दकोश आहे, असं छाती पुढे काढून सांगायची माझी फार इच्छा होती. पण मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मी अख्खा शब्दकोश नाहीच. मी त्याचा पाचवा भाग आहे, 'जे' ते 'एम'. पहिल्या पानाच्या वरच्या अंगाला 'आय'चे अडीच शब्द लोंबकळत राहिलेत, तेवढे सोडले तर माझ्याआधी काय होतं आणि माझ्यानंतर काय झालं, ते मला फक्त ऐकून ठाऊक. मध्येच सुरू होतो आणि मध्येच गप्प होतो. तुमच्यातही अशी माणसं असतील.

जन्मलो तेव्हा मात्र अख्खा होतो बरं का. छापखान्यातून निघालो तो विटेसारखा जाड. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे आपल्या भाषेत अर्थ. त्यातही माझं लाडकं घराणं एकच. 'के' आणि 'एन' ही दोन अक्षरं हातात हात घालून सुरुवातीला उभी असतात ना, ते. सुरी, गुडघा, गाठ, विणणं, ठोठावणं, बोटाचं पेर, मुठीसारखी गोल खुंटी, या सगळ्यांचे इंग्रजी शब्द याच दोन अक्षरांनी सुरू होतात. एका पानावर नांदणारी भावंडंच म्हणा. आणि प्रत्येकाच्या 'के'खाली एक बारीक टिंब. गालावर तीळ असतो तसं. टिंब कशाला ते मला माहीत नव्हतं. हसू नका! आम्हा पुस्तकांना दिसतं, ऐकू येतं, पण स्वतःचा आवाज नसतो. तुम्ही वाचाल तसा आमचा आवाज.

एका वकिलानं मला विकत घेतलं, भरपूर वापरलं, पण कायम मनातल्या मनात, पाठ खिळखिळी झाल्यावर बाइंडरकडे टाकलं आणि परत न्यायला काही आला नाही. गेला तो गेलाच. मी बाइंडरच्या फळीवर खळीचा वास घेत पडून राहिलो. बाइंडर म्हातारा, बोटं गोंदानं चिकट, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्याला दोन सुना. दोघी लोकरी स्वेटरच्या कारखान्यात विणायच्या यंत्रावर कामाला. त्या सासऱ्याला मामंजी म्हणायच्या, म्हणून मीही मामंजीच म्हणतो.

थोरल्या सुनेला कारखान्यात सगळ्या गाठीकाकू म्हणत. धागा तुटला की ती अशी गाठ मारायची की स्वेटर उलटासुलटा करून पाहिला तरी सापडायची नाही. आवाज खडा, हसणं त्याहून खडं. धाकटीला सगळ्या टिंब म्हणत. अंगानं बारीक, बोलणं कमी, म्हणून टिंब असेल, असं नवीन येणाऱ्या बायांना वाटायचं. खरं कारण वेगळं होतं. ते मी जरा मागे ठेवतोय. का, ते कळेल.

तर एका सुट्टीच्या दिवशी दोघी दुकानात आल्या आणि दोघींची नजर एकदमच माझ्यावर पडली.

"मामंजी, हे पुस्तक मला हवं. कामाचा कागद इंग्रजीत येतो आणि मुकादम वाचून दाखवेपर्यंत आम्ही ताटकळत बसतो," थोरली म्हणाली.

"आधी मी मागणार होते, जाऊबाई."

"मागणार होतीस. मागितलंस का?"

"तुम्ही तोंड बंद केलंत तर मागेन ना!"

मामंजींनी चष्मा कपाळावर ढकलला. "गप्प बसा दोघी. कारखान्यात शिकायची हौस असलेल्या आणखी किती जणी आहेत?"

"आम्हाला धरून आठ."

"मग आठही जणींना देतो. पुस्तक एकीच्या हातात असलं की बाकीच्या सात नुसत्या बघत बसतात."

मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. पण मित्रांनो, त्यानं मला उताणं पाडलं, पाठीची चामडी सोलली, शिलाई उसवली आणि मोठ्या पात्याखाली सरकवलं! मी हादरलो. आयुष्यभर पुस्तकं जोडणारा माणूस मला कापत होता! एक, दोन, तीन... पाचव्या वेळी मी मोकळा झालो आणि सगळं कापून झाल्यावर बाजूला बघतो तर माझेच सात तुकडे रांगेत. अंगाला नवा पुठ्ठा लागला, त्यावर खडूनं 'पाच' लिहिलं, झालं. मला रडायलाही वेळ दिला नाही.

त्या आठ जणींनी नियम केला. महिन्याच्या एक तारखेला जेवणाच्या सुट्टीत भाग बदलायचे. आपल्याकडचा भाग पुढचीला द्यायचा आणि देताना त्यातलं एक पान तिला मोठ्यानं वाचून दाखवायचं, म्हणजे तिला चाल कळते. नियम चांगला होता. वाईट एवढंच की पहिली जे वाचेल तेच आठवीच्या तोंडी बसणार.

माझं पान पहिल्यांदा वाचलं गाठीकाकूनं. दिसेल ते अक्षर म्हणायचं, हा तिचा सरळ हिशेब. "क्निफे म्हणजे सुरी. क्नी म्हणजे गुडघा. क्नोट म्हणजे गाठ. अगं बाई, हा तर माझाच शब्द!" 'के'खालचं टिंब तिला शाईचा शिंतोडा वाटला. तिनं ते नखानं खरवडूनही पाहिलं. निघालं नाही.

आणि मी? मी खूश! पहिल्यांदाच कुणीतरी मला आवाज दिला होता. क्निफे, क्नी, क्नोट. कसे दणदणीत शब्द! मला वाटलं, असेच असणार आपण.

अकरा वर्षं गेली. मी आठही जणींकडे राहिलो. कुठे उशीखाली, कुठे पिठाच्या डब्यावर. माझ्यावर चहाचे गोल पडले, कोपरे दुमडले, पण कुणी मला उपाशी ठेवलं नाही, रोज वाचलं. कामाच्या कागदावरचं आता त्याच वाचायच्या आणि मुकादम मिशीला पीळ देत लांबून बघायचा. "काय गं, मुकादमाला हात हलवत घरी पाठवायचा का?" असं गाठीकाकू म्हणाली की सगळं खातं हसायचं. कौतुक म्हणतात ते मी भरपूर भोगलं.

मग कारखान्यात नवं यंत्र आलं.

मालकानं एका सोमवारी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, की जुनी आठ यंत्रं महिनाअखेर भंगारात जाणार. नवं एकटं आठांचं काम करतं. त्याच्यापुढे एक बाई बसेल. बाकीच्यांनी पॅकिंगला जायचं, नाहीतर घरी. पॅकिंग म्हणजे दिवसभर उभं राहून घड्या. गाठीकाकूचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून सुजलेला. जिना चढताना ती कठडा दोन्ही हातांनी धरायची. तिला पॅकिंग जमणं शक्यच नव्हतं. म्हणजे नव्या यंत्रापुढचं स्टूल मिळालं तर काम, नाहीतर चाळिसाव्या वर्षी घराच्या खिडकीत. त्या महिन्यात मी तिच्याकडे होतो आणि मला ती हातात घट्ट धरून होती.

यंत्राबरोबर एक इंजिनिअरबाई आली होती. उंच, घाईत असलेली, खिशाला तीन पेनं. ती म्हणाली, "यंत्रात बिघाड झाला की या पॅनेलवर शब्द लागतो. तो फोनवर मोठ्यानं सांगायचा. पलीकडे आमचा माणूस असतो, त्याला इंग्रजीच कळतं. तुम्ही नीट सांगितलंत तर तो तिथून दुरुस्ती सांगेल. एकेक जण या आणि वाचा."

गाठीकाकू सगळ्यांत पुढे. पॅनेलवर शब्द लागले आणि मी आनंदानं फुगलो. सगळे माझ्याच घराण्यातले! विणकाम सुरू, धाग्यात गाठ, सुईवरून टाका उतरणं, सगळ्यांच्या सुरुवातीला 'के-एन'. गाठीकाकूनं पदर खोचला आणि खणखणीत वाचलं, "क्निट. क्नोट. क्नोक-ओवर!"

इंजिनिअरबाईचं पेन थांबलं. "काय म्हणालात?"

"क्नोट. गाठ."

"बरं. पुढच्या या."

पुढची आली. "क्निट. क्नोट." तिसरी, "क्नोट." चौथी जरा लाजत, पण "क्नोट"च. सातवी वाचून झाली तेव्हा इंजिनिअरबाई त्या स्टुलावर स्वतःच बसली होती.

"तुम्हाला हे शिकवलं कुणी?"

सात बोटं माझ्याकडे वळली.

तिनं मला उघडलं, पान काढलं आणि टिंबावर पेन टेकवलं. "अहो, हा शिंतोडा नाही. ज्या अक्षराखाली टिंब, ते अक्षर म्हणायचंच नाही, अशी खूण आहे ही. 'के' मुका आहे. निट. नॉट. नॉक. नाइफ. नी." मग तिनं मान वर केली. "तुम्ही ज्या खात्यात बसता त्याचं नाव काय?"

"निटिंग खातं," सगळ्या एकदम म्हणाल्या.

"मग?"

मित्रांनो, आता हिशेब बघा. वीस वर्षं त्या बाया 'निटिंग' म्हणत होत्या आणि अकरा वर्षं 'क्निट' वाचत होत्या. एकच शब्द! एक तोंडात, एक कागदावर, आणि दोघांची कधी भेट झाली नाही. यंत्राच्या खुंटीला त्या रोज 'नॉब' म्हणायच्या आणि माझ्यात तोच शब्द 'क्नोब' म्हणून पाठ करायच्या!

माझी अवस्था काय सांगू? मी पात्याखाली गेलो तेव्हा हादरलो होतो, पण ते कातडीवरचं दुखणं होतं. आता कळलं की अकरा वर्षं मी चुकीच्या आवाजात बोलत होतो. कुणी तुम्हाला चाळिशीत येऊन सांगितलं की तुमचं नाव तुम्ही समजता ते नाहीच, तर कसं वाटेल?

एवढ्यात इंजिनिअरबाई म्हणाली, "आणखी कुणी राहिलंय?"

धाकटी पुढे आली. पॅनेलकडे बघितलं आणि रोजच्या बारीक आवाजात म्हणाली, "निट. नॉट. नॉक-ओव्हर." खाली आणखी एक शब्द होता, 'डब्ल्यू-आर'नं सुरू होणारा, गुंडाळणं अशा अर्थाचा. तोही तिनं 'डब्ल्यू' गिळून अचूक वाचला. "रॅप."

"वा! तुम्ही यांच्यातल्याच ना?" इंजिनिअरबाई उठून उभी राहिली. "झालं तर. सकाळची पाळी तुमची. दुपारच्या पाळीला आणखी एक लागेल असं मालक आत्ताच म्हणाले. मी शनिवारी परत येते. तोवर कुणाला जमलं तर बघू."

हात धुवायच्या नळापाशी गाठीकाकूनं धाकटीला गाठलं. मला तिनं काखेत असं दाबलं होतं की माझी पानं कुरकुरली.

"तुला ठाऊक होतं!"

"होतं."

"किती दिवस?"

"पहिल्या महिन्यापासून. पहिला भाग आधी माझ्याकडे आला होता. त्याच्या सुरुवातीला दोन पानं आहेत, आपल्याच भाषेत. खुणांचे अर्थ दिलेत त्यात."

"अकरा वर्षं, अकरा वर्षं आम्हाला येडं बनवलंस? घरात एका तव्यावर भाजून खातो आपण! मला आज सगळ्यांपुढे तोंडावर पाडलंस! सांगितलं का नाहीस?"

धाकटीनं नळ बंद केला. पदराला हात पुसले, एकेक बोट करून.

"सांगितलं होतं, जाऊबाई."

आता मित्रांनो, जे मी मागे ठेवलं होतं ते पुढे आणायलाच हवं. ती खरंच बोलत होती. मी तिथे होतो. भाग बदलायची पहिलीच एक तारीख होती ती. गाठीकाकूनं "क्निट" वाचलं, तेव्हा धाकटी म्हणाली होती, "जाऊबाई, हे आपलं निटिंगच असेल. टिंब आहे ना, तो 'के' म्हणायचा नसतो." त्यावर गाठीकाकू खो खो हसली होती. "शिंतोड्याला बघून 'के' सोडायचा? उद्या पानावर माशी बसली तर अख्खी ओळ सोडशील का गं?" सगळ्या जणी पोट धरधरून हसल्या. कुणीतरी म्हणालं, "आल्या बघा, टिंबबाई!" नाव तिथेच चिकटलं. अकरा वर्षं.

आणि मी? मीही हसलो. माझ्यावर 'के' ढळढळीत छापलाय, तो म्हणायचा नाही म्हणजे काय, असं मला वाटलं. आपल्या अंगावरची खूण वाचणारी एकटी बाई समोर होती आणि मी तिच्यावर हसलो. ही गोष्ट मी माझ्या आत्मवृत्तातून गाळणार होतो. मला कापलं बाइंडरनं, पण ही लाज माझी स्वतःची आहे.

गाठीकाकूला आठवलं. तिचा चेहरा बघूनच कळलं.

"पुन्हा सांगायचं ना," ती पुटपुटली.

"दोनदा सांगितलं. दुसऱ्या वेळेस तुम्ही माशीचा आवाज काढून दाखवलात." धाकटी एवढंच बोलली आणि गेली.

मंगळवारी घरात कुणी कुणाशी बोललं नाही. गाठीकाकूचा नवरा जेवताना म्हणाला, "काय झालंय? दोन बायका घरात आणि आवाज फक्त घड्याळाचा?" मग तो पाणी पिऊन उठला.

जेवण झाल्यावर गाठीकाकू मला घेऊन मामंजींच्या दुकानात गेली. पहिला भाग त्या महिन्यात आठांतल्या एकीकडून डागडुजीला आला होता. तिनं तो उघडला. सुरुवातीची दोन पानं कोरी करकरीत. आठ जणींच्या हातातून कितीदा फिरलेला भाग, बाकी पानं तेलकट, आणि ही दोन जशी छापली तशी. फक्त एका कोपऱ्यावर अंगठ्याचा फिकट डाग, धाकटीचा असणार. प्रस्तावना! त्यात पाठ करायचे शब्द नाहीत, म्हणून सगळ्यांनी उलटून टाकलेली. गाठीकाकूनं स्वतःही.

"मामंजी, तुम्ही तरी सांगायचं की हे वाचा म्हणून!"

"मला काय माहीत त्यात काय लिहिलंय?" म्हातारा दचकून म्हणाला. "चाळीस वर्षं झाली, मी पुस्तकं बांधतो. वाचत कधी बसलो?"

बुधवारी तिनं एकटीनं प्रयत्न केला. बोटानं 'के' झाकायचा आणि उरलेलं वाचायचं. पण अकरा वर्षांची जीभ ती! बोट 'के'वर आणि तोंडात 'क्नी'. तिनं मला टेबलावर आपटलं. मग उचललं, पुसलं. घरातच, भिंतीपलीकडे, धाकटी भांडी लावत होती. चार पावलं. गाठीकाकू उठली, दारापर्यंत गेली आणि गुडघा दुखतोय अशा बहाण्यानं परत बसली. मी सगळं बघत होतो. गुडघा तेव्हा दुखत नव्हता.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत आठही जणी लांब टेबलाशी बसल्या होत्या. डबे उघडलेले. गाठीकाकू उठली, टेबलाला वळसा घालून धाकटीसमोर गेली आणि मला तिच्या डब्याशेजारी ठेवलं.

"मला शिकव."

धाकटीनं घास खाली ठेवला. "घरी बघू, जाऊबाई. इथे सगळ्यांसमोर कशाला?"

"हसले सगळ्यांसमोर. मग मागायचं तेही सगळ्यांसमोर." खडा आवाज कापत होता. "तू बरोबर होतीस आणि मी माशीचा आवाज काढला. फार वाईट वागले मी. शिकवणार नसशील तरी हे ऐकून घे. शिकवलंस तर बसते."

धाकटीनं डब्याचं झाकण लावलं. मला वाटलं, आता ती डबा उचलून जाईल. मी तिच्या जागी असतो तर गेलोच असतो.

"बसा," ती म्हणाली. "गुडघा दुखेल, बसा आधी. वाचा."

"क्... क्नी."

"टिंब बघा."

"नी." गाठीकाकूचं बोट टिंबावरून पुढे सरकलं. "नी. नाइफ. नॉब. क्नोट... नाही, नाही. नॉट."

टेबलाच्या टोकाला कुणीतरी फिसकन हसलं. धाकटीनं हातातला पेला टेबलावर असा आपटला की पाणी माझ्या 'एल'वर सांडलं. त्या बारीक बाईचा आवाज पहिल्यांदाच भिंतीवर आदळला.

"कोण हसलं? हसणारीनं आधी इथे येऊन वाचायचं!"

कुणी आलं नाही. थोड्या वेळानं मात्र एक एक जण आपापला भाग घेऊन सरकत आली. "माझ्यात 'जी' आणि 'एन' जोडीनं आहेत गं, 'जी'खाली टिंब आहे. म्हणजे यातही?" "हो, त्यातही." "आणि हे 'डब्ल्यू-आर'?" "तेही." त्या दिवशी भोंगा वाजला तरी डबे अर्धेच खाल्लेले होते. माझी ओली पानं धाकटीनं स्वतःच्या रुमालात दाबून धरली.

शनिवारी इंजिनिअरबाई आली. सात जणी तयार, सातही जणी 'नॉट' म्हणू लागलेल्या. ती बघतच राहिली. "आठवड्यात काय केलंत हो?" मग हसून म्हणाली, "ठीक आहे. आता अवघड." तिनं पॅनेलवर असे शब्द लावले, जे माझ्यात नव्हते, कुणाच्याच भागात वाचल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आणि पॅनेलवर टिंबं नसतात, मित्रांनो! तिथे कोण मुकं आणि कोण बोलकं, कसं कळणार?

सगळ्यांनी अंदाजानं काहीतरी दडपून म्हटलं. कुणाचं बरोबर आलं, कुणाचं हुकलं. गाठीकाकूची पाळी आली. पहिले चार शब्द तिनं वाचले. पाचव्यापाशी थांबली. 'पी' आणि 'एन'नं सुरू होणारा लांबलचक शब्द, हवेच्या दाबाबद्दलचा. तिची मूठ आवळली. मी तिच्या काखेत मनातल्या मनात ओरडत होतो, काहीतरी म्हण, बाई, काहीही म्हण!

"हा मला येत नाही," ती म्हणाली. "पहिलं अक्षर बोलकं आहे का मुकं, तुम्ही सांगा. मग वाचते."

"फोनवर माणूस वाट बघत असेल तर?"

"त्यालाही हेच विचारेन. एकेक अक्षर सांगेन आणि विचारेन. चुकीचं सांगून यंत्र मोडण्यापेक्षा तो दोन शिव्या घालेल तर घालू दे."

इंजिनिअरबाईनं तिच्याकडे बघितलं, मग कागदाकडे, मग घड्याळाकडे. "मुकं आहे," ती म्हणाली. "न्युमॅटिक." गाठीकाकूनं तीनदा म्हटलं. मग इंजिनिअरबाईनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि कुरकुरल्यासारखं म्हणाली, "दुपारची पाळी यांना देऊन बघू. एक महिना. जमलं नाही तर बदलू, आधीच सांगते."

एक महिना! कायमचं नाही, पण गाठीकाकू त्या स्टुलावर बसली तेव्हा तिनं गुडघा दोन्ही हातांनी हळूच सरळ केला, आणि मला वाटतं ती रडली. मला नीट दिसलं नाही, तिनं मला तोंडावर धरलं होतं.

आता मी त्या यंत्राच्या पॅनेलखालच्या खणात असतो. दुपारी दोन वाजता पाळी बदलते. पहिल्या दिवशी धाकटीची पाळी संपली, तिनं कुठला धागा दोनदा तुटला, कुठली सुई अडते, ते सगळं जावेला सांगितलं आणि पिशवी खांद्याला लावली. तेवढ्यात पॅनेल लाल झालं. गाठीकाकूनं फोन उचलला. पलीकडून कुणीतरी भराभर इंग्रजीत बोललं.

धाकटी दारात थांबली. पुढे आली नाही, सांगितलंही नाही काही. नुसती पिशवी धरून उभी.

"नॉट," गाठीकाकू फोनमध्ये म्हणाली. खणखणीत. "नॉट. डावीकडे... लेफ्ट. येस. नॉट."

पलीकडचा काहीतरी बोलला, तिनं कळ दाबली, यंत्र पुन्हा सुरू झालं. गाठीकाकूनं वळून दाराकडे बघितलं. धाकटीनं मान हलवली, एवढीशी, आणि घरी गेली.

मित्रांनो, माझी पानं आता पिवळी पडली आहेत. मला कोरडं ठेवा, कोपरे दुमडू नका, हे मी सांगणारच, सगळीच पुस्तकं सांगतात. पण माझं खरं मागणं दुसरंच आहे. पुस्तक हातात आलं की पुढची दोन पानं उलटून टाकू नका. आणि तुमच्यात कुणी बारीक आवाजात म्हणालं की हे असं नसतं, तर हसायच्या आधी एकदा, फक्त एकदा, खाली वाकून बघा. मी बघितलं नव्हतं. मी तर तेव्हा उघडाच होतो, तिच्यासमोर, त्याच पानावर.